मुखत्यारपत्र

ग्रिम्स्बी. पहाटेचे तीन चाळीस.
खाली लिलावघरात बर्फ ओढणारं फावडं,
वर माझ्या पडद्यावर मेमरीची रेघ
चढतेच आहे तीन रात्री,
वाण्याच्या उधारीसारखी.

मी वजनकाटे तपासले. प्रिंटर तपासला.
नेटवर्कवाल्या फर्गसला झोपेतून उठवून
त्याच्या शिव्या खाल्ल्या.
काखेत कळसा.

कळसा म्हणजे चार ओळींचा क्लोजर,
वर टीप: डी. थ्वेट, नोव्हेंबर २००८.
काम एवढंच: घंटा झाली की
बोटीचं नाव दाखव.

फंक्शन संपलं की त्याची पथारी गुंडाळतात.
स्टॅकवर कुणाचा मुक्काम नसतो.
पण जाता जाता त्यानं एखादं पोर
बाहेर कामाला धाडलं असेल,
आणि त्या पोराला घरातलं एक नाव लागणार असेल,
तर ते नाव पथारीवर राहत नाही.
हीपवर त्याचं गाठोडं बांधतात,
पोराच्या काठीला अडकवतात.
घर उठलं तरी शिदोरी शाबूत.

हे मला डेरेकनंच शिकवलं,
कँटीनमध्ये, व्हिनेगरच्या बाटलीला फंक्शन म्हणत.
डेलिगेट म्हणजे मुखत्यारपत्र, हे मात्र माझं.
त्यात दोन रकाने:
काम काय,
आणि कुणाच्या वतीनं.
दुसऱ्या रकान्यात नुसतं नाव नसतं.
अख्खा माणूस बसलेला असतो,
त्याच्या कपाटासकट.

त्या घंटेकडे अशी पत्रं साचली होती चारशे.
प्रत्येकाच्या दुसऱ्या रकान्यात एक मिटलेली खिडकी,
खिडकीत हॅडॉकचे फोटो, वजनं, कालचे भाव.
सफाईवाला येतो, विचारतो,
"तुला कुणी धरलंय का?"
खिडकी घंटेकडे बोट दाखवते.
तो पुढच्या दाराशी जातो.

अकरा वर्षं हे कळलं नाही, कारण
डेरेक सकाळी खिडकी उघडायचा
आणि ती कधी मिटायचाच नाही.
आता रात्रपाळीला केझाया आहे. नीटनेटकी पोर.
प्रत्येक लिलावानंतर मिटते, पुन्हा उघडते.
तिच्या टापटिपीनं आमचा सर्व्हर बुडत होता.

सोपं वाटलं: पत्र रद्द करू.
पण रद्द करायला तेच पत्र हातात लागतं.
अक्षर न् अक्षर तसंच दुसरं लिहून दिलं
तर घंटा मख्खपणे मान हलवते
आणि काही सोडत नाही.
सोडण्यासाठीसुद्धा आधी
नीट धरून ठेवावं लागतं.
डेरेकनं प्रत ठेवली नव्हती.
मी ठेवली. खिडकी मिटताना परत घेतली.
रेघ घसरली, मग आडवी झाली.
फर्गसला कळवलं नाही. झोपू दे.

त्याच्या कोडात खाली तो जुना लूप होता.
पहिल्या दिवशी यादीत सात बोटी, सात पत्रं,
आणि सातही गाठोड्यांत एकच सामाईक नाव,
फेरीगणिक बदलत गेलेलं.
घंटा वाजली तेव्हा लूप कधीच संपलेला.
सातही पत्रं एका सुरात म्हणाली: एथेल मे.
यादीतली शेवटची बोट.
सहा कप्तान जिना चढून वर आले होते म्हणे.

डेरेकनं दुपारपर्यंत एक ओळ घातली:
प्रत्येक फेरीला तिचं स्वतःचं नाव.
ती ओळ अजून आहे. मी तिला हात लावला नाही,
जरी काल रात्री यादी उघडून पाहिली तर
तीत एकच बोट उरली आहे,
आणि आता ती जुनी चूक पुन्हा केली
तरी उत्तर बरोबरच येईल.

पाच वाजता घंटा झाली.
एथेल मे.
केझायानं भाव लिहून घेतले,
खिडकी मिटली.